विश्लेषण : जळालेल्या फेरारीला साडेपंधरा कोटी, मग अर्धवट रिस्टोअर केलेली गाडी का अडते?

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या लिलावात १९५४ सालच्या एका फेरारीला १८ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. त्या वेळच्या दराने हे सुमारे साडेपंधरा कोटी रुपये. गाडी कसली, चुरगळलेला आणि गंजलेला पत्राच तो. चालवणे सोडाच, ढकलणेही अशक्य. दुसरीकडे, बॉडीचे काम झालेले, रंग मारलेला, पण इंजिन आणि वायरिंग खोक्यांत भरून ठेवलेले, अशा जुन्या इटालियन स्पोर्ट्स कार महिनोन्‌महिने गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या राहतात. ज्या गाडीवर कुणीच हात लावला नाही तिला कोटी आणि जिच्यावर निम्मे काम झाले ती अडलेली, असे उलटे गणित का?

जळालेल्या सांगाड्यात होते काय?

ही गाडी म्हणजे फेरारी ५०० मोंडियल. पिनिन फरिना या कंपनीने पहिल्या मालिकेत अशा उघड्या टपाच्या अवघ्या १३ गाड्या बनवल्या, त्यांपैकी ही एक. १९५४ च्या मिले मिलिया या इटलीतील प्रसिद्ध शर्यतीत ती धावली होती. साठच्या दशकात अपघातात जळाली आणि मग कुणीही तिची दुरुस्ती केली नाही. लिलावात तिच्यासोबत मूळ क्रमांकाचा गिअरबॉक्स होता. इंजिन मात्र तिचे स्वतःचे नव्हते, फेरारीच्याच दुसऱ्या मॉडेलचे तीन लिटरचे होते.

घेणाऱ्याने पत्रा विकत घेतला नाही. त्याने चासी क्रमांक, त्यामागचा इतिहास आणि काम पहिल्यापासून आपल्या मनाप्रमाणे करण्याची मोकळीक विकत घेतली. मधे कुणी लुडबुड केलेली नाही, हीच त्या सांगाड्याची किंमत. २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावातही हेच दिसले. पश्चिम फ्रान्समधील एका शेडमध्ये जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीसकट १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. ती एकेकाळी अभिनेता अलँ देलाँ याच्याकडे होती, याचाही वाटा अर्थातच मोठा.

अर्धवट कामाला लोक का घाबरतात?

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध लिहिला होता. २००१ मध्ये त्यांना मिळालेल्या नोबेलमागे हा निबंधही होता. मुद्दा साधा आहे. गाडीत काय दडले आहे ते विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्यात वाईट शक्यता धरूनच भाव करतो.

गंजलेला पत्रा निदान डोळ्यांना दिसतो. नवा रंग मात्र खालचे सगळे झाकतो. गंज कापून नवा पत्रा जोडला की वरून पुट्टी भरली? रंगाच्या थराची जाडी मोजणारे छोटे यंत्र काही प्रमाणात उत्तर देते, पण बंद पोकळीत काय आहे ते सांगत नाही. इंजिन उतरवलेले असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट होत नाही, टेस्ट ड्राइव्हचा प्रश्नच नाही. त्यात दुसऱ्याने खोललेली गाडी जोडणे हे स्वतः खोललेली जोडण्यापेक्षा कितीतरी अवघड. कोणता बोल्ट कुठला, हे खोलणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि बऱ्याचदा तोही विसरलेला असतो.

इटालियन गाड्यांचे वेगळे काय?

मुंबईकरांची इटालियन गाडीशी ओळख फियाट आणि पुढे पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून झाली. तिचा पार्ट कुर्ल्यात मिळायचा, नाही तर शेजारच्या मेकॅनिककडे. १९५० आणि ६० च्या दशकांतील इटालियन स्पोर्ट्स कारचे तसे नाही. कंपनी चासी आणि इंजिन बनवायची, बॉडी बाहेरचे कारागीर ठोकून तयार करायचे. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे दरवाजेही अनेकदा एकमेकांना बसत नाहीत. हरवलेली पट्टी किंवा दिव्याची रिंग विकत मिळेल याची खात्री नसते, ती बनवून घ्यावी लागते.

मिलानच्या टूरिंग या कंपनीची ‘सुपरलेजेरा’, म्हणजे अतिहलकी, पद्धत याचे उत्तम उदाहरण. बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. मासेराटी ३५०० जीटी, लॅम्बोर्गिनी ३५० जीटी अशा गाड्या या पद्धतीने बनल्या. वजन कमी झाले, पण पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे टेकतात तिथे ओलावा शिरला की बॅटरीसारखी रासायनिक क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. हे आतून घडते. पत्रा न काढता बाहेरून रंगवलेली अशी गाडी अनुभवी खरेदीदार घेतलीच, तर पुन्हा पूर्ण खोलायची आहे असे धरूनच घेतो. म्हणजे आधीच्या रंगकामाची त्याच्या लेखी किंमत शून्य. उलट तो रंग काढण्याचा खर्च वाढला.

पैशाचा हिशेब कसा होतो?

समजा, पूर्ण तयार गाडीचा बाजारभाव १०० रुपये आहे. उरलेल्या कामाला ४० रुपये लागतील असा अंदाज. हा अंदाज चुकणारच, म्हणून खरेदीदार आणखी १५ बाजूला ठेवतो आणि ४५ ची बोली लावतो. विकणाऱ्याने मात्र सांगाडा २५ ला घेऊन त्यावर ३५ खर्च केलेले असतात. त्याच्या डोक्यात आकडा असतो ६० चा. व्यवहार इथेच फिसकटतो.

आकडे उदाहरणादाखल असले तरी रीत हीच आहे. दुर्मीळ फेरारीत १०० चा आकडा इतका मोठा असतो की चुकीला जागा राहते. फियाट १२४ स्पायडर किंवा लॅन्सिया फुल्वियासारख्या तुलनेने स्वस्त गाड्यांत अनेकदा कामाचा खर्चच तयार गाडीच्या भावापेक्षा जास्त होतो. शेडमधली गाडी वारसांच्या वाट्याला येते तेव्हा हे कळते. वडिलांनी ठेवलेली बिले पाहून घरच्यांनी आशा बांधलेली असते. बाजार बिलांची बेरीज देत नाही. पण तीच बिले, काम करतानाचे फोटो आणि जुने सुटे भाग खोक्यात जपलेले असतील, तर वरचे १५ रुपये कमी होतात. उघडा, रंग न मारलेला पत्रा दाखवणे म्हणूनच बहुधा घाईने रंगवण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते. इंजिनावरचा मूळ क्रमांकही तसाच राहू द्यावा. तो घासून ‘स्वच्छ’ केला की गाडी मूळची असल्याचा पुरावाच गेला.

सुट्या भागांवरून कोर्टबाजी कशी?

फेरारी ३७५ प्लसचे प्रकरण या क्षेत्रात आजही धडा म्हणून सांगितले जाते. याच मॉडेलने १९५४ ची ल मान्स शर्यत जिंकली होती. त्यातील एक गाडी १९५८ पासून अमेरिकेतील ओहायोत एका व्यक्तीकडे उघड्यावर पडून होती. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सांगाडा चोरीला गेला आणि बेल्जियमला पोहोचला. तिथे नव्या मालकाने तो रिस्टोअर केला. काही मूळ भाग मात्र ओहायोतच राहिले. एका गाडीचे दोन ठिकाणी तुकडे आणि दोन दावेदार. अनेक वर्षांच्या भांडणानंतर समझोता झाला आणि २०१४ मध्ये इंग्लंडमधील गुडवुड येथे ती सुमारे १ कोटी ७ लाख पौंडांना विकली गेली. त्यानंतरही मालकी हक्कावरून वाद लंडनच्या हायकोर्टात गेलाच.

भारतात नियम काय सांगतो?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. फेरनोंदणीसाठी ५ हजार. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

अर्धवट कामाच्या गाडीसाठी कळीची अट वेगळीच आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. त्यामुळे पुण्या-मुंबईत कुणाची जुनी फियाट ११०० अर्धवट खोलून पडली असेल आणि मधल्या काळात तिच्यात डिझेल इंजिन बसवले गेले असेल, तर भाव ठरवण्याआधी खरेदीदाराने विचारायचा प्रश्न एकच : जुने इंजिन आहे कुठे?