वाजवणाऱ्याचं नाव

१९५८ साली अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी एक धून वाजवायची नाही असं ठरवलं. त्या धुनेत एकही शब्द नव्हता. लिंक रे या वादकाने ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडून गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत केला होता. तेवढ्यावर पोरं बिथरतील, अशी भीती मोठ्यांना वाटली. ‘रंबल’ नावाची ती धून ऐकून पुढे कितीतरी रॉक गिटारवादक घडले. लिंक रे शॉनी या आदिवासी वंशाचा, हे मात्र रॉकच्या इतिहासात क्वचितच कोणी सांगितलं. २०१७ साली कॅथरीन बेनब्रिज आणि अल्फॉन्सो मायोराना यांनी ‘रंबल’ याच नावाचा माहितीपट काढून ते ठसठशीतपणे मांडलं.

त्यातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. चार्ली पॅटन या जुन्या ब्लूज गायकाची घासलेली ध्वनिमुद्रिका लागलेली आहे. प्युरा फे ही आदिवासी गायिका ती ऐकता ऐकता त्यात आपल्या लोकांची गायकी ओळखते आणि स्वतः गाऊन दाखवते. इथे आदिवासी बाई शोभेला बसवलेली नाही. संगीतातलं जाणतं माणूस म्हणून ती बोलते. चौकटीत किती रंगांचे चेहरे आले हे मोजणं सोपं आहे. समजावून सांगायचा अधिकार कोणाला दिला, हे पाहायला हवं.

जो संताप तिकडे रॉकमधून बाहेर पडला, तो आपल्याकडे शाहिरीतून पडला. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगर या दलित वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्या धक्क्याने चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. माहितीपटकार आनंद पटवर्धन त्यानंतर चौदा वर्षं चित्रीकरण करत राहिले आणि २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ आला. तीन तासांहून मोठा चित्रपट, पण गाणी घाईने कापलेली नाहीत. कबीर कला मंच या सांस्कृतिक गटाची शीतल साठे त्यात गाते, बोलते. तिची आईही बोलते. वस्तीतली माणसं स्वतःचं गाणं स्वतः उलगडतात. मराठी संगीतावर याहून प्रामाणिक माहितीपट मी पाहिलेला नाही.

आता मध्य प्रदेशातल्या मराठी बोलणाऱ्या पांढुर्ण्याकडे या. बाहेरचा कॅमेरा इथे येतो तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, म्हणजे दोन गावांतल्या दगडफेकीला. जाम नदी, पलीकडे सावरगाव, पात्रात रोवलेलं पळसाचं झाड, दगड, रक्त. जखमींचा आकडा मिळाला की कॅमेरा परत फिरतो. देशाला पांढुर्णा ठाऊक आहे तो एवढाच. तुकडोजी महाराजांची खंजिरी इथल्या गावागावांत वाजते, भुलाबाईची गाणी बायकांच्या तोंडी आहेत, बुद्धविहारांत भीमगीतं होतात, गोंडी गाणी सातपुड्याच्या पायथ्याला आहेत. यांच्यासाठी कोण येतो?

याला कारण आहे. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. भोपाळच्या हिशोबात लोकसंगीत म्हणजे माळवा, निमाड, बुंदेलखंड, बघेलखंड. मुंबईच्या हिशोबात मराठी गाणं राज्याच्या सीमेपाशी थांबतं. सौंसर आणि पांढुर्णा दोन्हींकडून सुटले. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, पण या गाण्याची फारशी दखल अजून घेतली गेलेली नाही. गोंड गायक तर त्याहून मागे. तो पडद्यावर दिसतो तो रांगेत नाचताना, बिननावाचा, वर दुसऱ्याच कोणाचं निवेदन चालू असतं.

बाहेरच्यांची वाट पाहू नका, असं मी इथल्या मोबाईलवर चित्रफिती काढणाऱ्या पोरापोरींना कळकळीने सांगतो. भजन मंडळातल्या खंजिरीवाल्याला, भुलाबाई म्हणणाऱ्या आजीला, गोंडी गाणाऱ्या काकांना कॅमेऱ्यासमोर निवांत बसवा. गाणं पुरतं होऊ द्या. त्याचा अर्थ त्यांनाच विचारा, कोणाकडून शिकलात ते विचारा, गोंडीत बोलले तर गोंडीच राहू द्या आणि खाली मराठी-हिंदी ओळी द्या. माणूस गात असतानाच त्याचं पूर्ण नाव आणि गाव पडद्यावर लिहा. आणि त्या चित्रफितीतून पैसे मिळाले, तर पहिला वाटा त्यांच्या हातात द्या.