स्पर्धेनंतर एकांकिका तुमच्या गल्लीत आणा

दर वर्षी २५ जानेवारीच्या रात्री मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा होते. वर्षभरात ठिकठिकाणच्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच तिथे उतरू शकतात. नाट्यगृह रात्रभर जागं असतं. प्रजासत्ताक दिनाची पहाट होते, निकाल लागतो, पोरं एकमेकांच्या गळ्यात पडतात. त्यानंतर सेट टेम्पोत चढतो, परीक्षा तोंडावर येतात, कुणाला नोकरी लागते, कुणी मालिकेत जातं आणि ती एकांकिका तिथेच थांबते. वर्षातली सगळ्यात चांगली म्हणून गौरवलेली कलाकृती परीक्षक, इतर स्पर्धक आणि काही शे रसिक यांच्यापलीकडे कुणी पाहिलेलीच नसते. संहिता छापली जात नाही. ती कुणाच्या तरी फोनमध्ये पीडीएफ होऊन पडून राहते.

माझं सांगणं एवढंच आहे, की ती तुम्ही बाहेर काढा आणि करा. तुम्ही म्हणजे गणेशोत्सव मंडळ, सोसायटी, गावातलं वाचनालय, बँकेतला किंवा शाळेतला हौशी गट, भिशीतल्या मैत्रिणी, परदेशातलं महाराष्ट्र मंडळ. तुमच्याकडे माणसं आहेत, जागा आहे, वर्षातून दोन-तीनदा कार्यक्रमाचं निमित्त असतं. नसते ती फक्त संहिता. आणि तिकडे संहिता आहेत, पण त्यांना रंगमंच नाही.

आपण मात्र दर वर्षी तेच ते करतो. मुलाला अभिनयाच्या निवड-चाचणीला जायचं असलं की घरातलं कुणीतरी 'नटसम्राट'मधलं स्वगत काढून देतं. मुलगी असेल तर 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली लीला बेणारे. दोन्ही नाटकं थोर आहेत, मी ती पुन्हा पुन्हा वाचतो. पण पहिलं १९७०चं, दुसरं १९६७चं. समोर बसलेल्या माणसाने ती स्वगतं मोठमोठ्या नटांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेली असतात, की तो तुमच्या मुलीकडे पाहतच नाही, आठवणीतल्या कुणाकडे तरी पाहत असतो. शिवाय बेणारेचं बोलणं अंगावर येतं ते आधीच्या दोन-अडीच तासांमुळे. खेळ म्हणून सुरू झालेल्या खटल्यात सगळे मिळून तिला कसे कोपऱ्यात घेत गेले, हे आपण पाहिलेलं असतं. ती सगळी चढण सोडून थेट शेवटाला उडी मारली, की उरतं फक्त रडणं. विशीतल्या मुलीला तिच्या वयाचं, तिच्या आजच्या जगण्यातलं काही बोलायला मिळालं तर तिचा आवाज कसा मोकळा होतो, ते एकदा करून पाहा.

नवं म्हणजे कच्चं, ही भीती अनेकांच्या मनात असते. आपल्या रंगभूमीचा इतिहास तसं सांगत नाही. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३पासून महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक भरवते. त्या मांडवाखालून गेलेल्या कितीतरी मुलांनी पुढे मराठी नाटकाला वळण दिलं. महेश एलकुंचवारांची 'होळी' एकांकिकाच होती. तिच्यावर केतन मेहतांनी १९८४मध्ये चित्रपट केला. देवेंद्र पेमांचं 'ऑल द बेस्ट'ही आधी एकांकिकाच होतं.

अलीकडचं सगळ्यात ठळक उदाहरण 'देवबाभळी'चं. नाशिकच्या प्राजक्त देशमुखांनी ती आधी एकांकिका म्हणून केली, मग 'संगीत देवबाभळी' हे मोठं नाटक झालं आणि २०२०चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार त्यांना या लेखनासाठी मिळाला. डोंगरावर बसलेल्या तुकोबांना भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो आणि तो काढायला विठ्ठल येतो, ही आपल्या सगळ्यांच्या कानावरची आख्यायिका. लेखकाने पुढचा प्रश्न विचारला: आता या गरोदर, जायबंदी बाईकडे बघणार कोण? विठ्ठल रखुमाईला पाठवतो. ती लखूबाई होऊन आवलीच्या घरात येते आणि मग चुलीपाशी दोन बायका बोलत बसतात. एकीचा नवरा देवापायी घर विसरलेला, दुसरीचा नवराच देव, आणि तोही भक्तांपायी घरात नसलेला. आवली विठ्ठलाच्या नावाने बोटं मोडते ती त्याच्याच बायकोसमोर, आणि ते आवलीला ठाऊक नसतं. प्रेक्षकाला मात्र ठाऊक असतं. नाट्य म्हणतात ते हेच. याला लागतं काय? दोन बायका आणि एक स्वयंपाकघर. संगीताचा मोठा डोलारा नंतर आला. मूळ ताकद त्या दोघींच्या बोलण्यात आहे आणि ती तुमच्या मंडळातल्या दोघींनाही पेलू शकते.

एकट्याने करायचं असेल तर आधी एक फरक समजून घ्या. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आपल्या डोळ्यांपुढे असतं. एका नटाने बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करायच्या. ते वर्षानुवर्षांच्या तयारीचं काम आहे, पहिल्याच वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका. दुसरा प्रकार असतो एकाच माणसाने एकाच माणसाची गोष्ट सांगण्याचा. सुषमा देशपांडे १९८९पासून 'व्हय, मी सावित्रीबाई' करत आल्या. साधी साडी, मोजकं सामान आणि समोर बसलेल्या लोकांशी थेट बोलणं. हे खेड्यापाड्यांतही तेवढंच पोचलं. चेतन दातारांचं 'एक माधवबाग' हे एका आईचं बोलणं आहे. मुलाची डायरी तिच्या हाती लागते, तो समलिंगी आहे हे तिला कळतं आणि या नव्या माहितीसकट आपलाच मुलगा तिला पुन्हा ओळखायचा असतो. दातार २००८मध्ये गेले, पण ही आई आज कुठल्याही सोसायटीत भेटेल. मध्यमवयीन अभिनेत्रीला भूमिका मिळत नाहीत अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. ज्यांना ती खरीच वाटते त्यांनी हे वाचावं.

आता नव्या संहिता मिळवायच्या कशा? स्पर्धा पाहायला जा, तेही प्राथमिक फेऱ्यांना. पुरुषोत्तम आहे, लोकसत्ताची लोकांकिका २०१४पासून राज्यभर वेगवेगळ्या केंद्रांवर होते, शिवाय तुमच्या जिल्ह्याची एखादी असतेच. प्राथमिक फेरीला तिकिटासाठी झुंबड नसते आणि अंतिम फेरीला न पोचलेली, पण तुमच्या गटाला अगदी चपखल बसेल अशी एकांकिका तिथेच सापडते. सुरुवातीच्या उद्घोषणेत लेखकाचं नाव सांगतात. ते लिहून ठेवा. प्रयोग संपल्यावर मुलं बाहेर चहाच्या टपरीवर असतात. लेखक बहुतेक वेळा त्यांच्यातच असतो, कधी प्रकाशयोजना सांभाळणारा तोच असतो. जाऊन बोला. अनोळखी माणूस येऊन संहिता मागतो आहे, याचा त्या वयात किती आनंद होतो, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसेल.

निवडताना बक्षिसांकडे पाहू नका. मोठ्याने वाचून पाहा. पाच-सहा जण गोलात बसा, भूमिका वाटून घ्या, अभिनय न करता सरळ वाचा. तिसऱ्या-चौथ्या पानावर कुणी चहाला उठलं नाही, तर संहितेत जीव आहे. स्पर्धेतली एकांकिका तासाभरात परीक्षकांना जिंकायला बसवलेली असते, त्यामुळे तिच्यात बरेचदा प्रकाशाचे खेळ, कानठळ्या बसवणारं संगीत आणि दर दोन पानांना अंधार असतो. सोसायटीच्या सभागृहात दोन ट्यूबलाइट असतात आणि अंधार करायला गेलं की लहान मुलं ओरडतात. तेव्हा अंधार काढून टाका. एका खुर्चीवरून उठून नट दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला की स्थळ बदललं हे लोकांना कळतं. मी बऱ्याच संहितांचं असं वाचन केलं आहे. सजावट काढल्यावर ज्या कोसळल्या त्या कोसळोत, पण पुष्कळ संहिता उलट उजळतात, कारण संवाद पहिल्यांदाच नीट ऐकू येतात.

बोलीचं मात्र सांभाळा. मराठवाड्यातल्या किंवा मालवणातल्या लेखकाची एकांकिका घेतलीत तर टीव्हीवर ऐकलेला गावरान हेल लावू नका. त्या भागातलं कुणी तुमच्यात नसेल तर लेखकाला फोनवर दोन पानं वाचून दाखवायला सांगा आणि ते रेकॉर्ड करून घ्या. नाहीच जमलं तर लेखकाच्या संमतीने तुमच्या बोलीत करा. गोव्यातल्या आणि बेळगावकडच्या मंडळांना तर मी आवर्जून म्हणेन, की पुण्या-मुंबईची एकांकिका जशीच्या तशी उचलण्याआधी आपल्याकडे कोण लिहितं आहे त्याची आधी चौकशी करा.

आणि परवानगी. इथे आपण फार बेफिकीर असतो. आपल्याकडे १९५७च्या कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे देवल, गडकरी कुणालाही मोकळे, शिरवाडकर नाहीत. हौशी मंडळाने बिनतिकीट केलेल्या प्रयोगाला कायद्यात काही सवलत आहे, हे खरं. तरीही विचारा. नव्या लेखकाच्या बाबतीत प्रश्न कायद्याचा कमी आणि रीतीचा जास्त आहे. दोन ओळींचं संमतीपत्र घ्या: एकांकिकेचं नाव, प्रयोगाची तारीख, जागा, मानधन. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत झालेली आहे का तेही विचारा. स्पर्धेत झालेली असेल तर बहुतेक वेळा ते प्रमाणपत्र लेखकाकडे किंवा संस्थेकडे असतं, त्याची प्रत जवळ ठेवा. शेवट बदलायचा असेल, पात्र गाळायचं असेल, तर न विचारता करू नका.

मानधनाची रक्कम किती असावी, यावर मंडळात वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे. मांडववाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला, जेवणवाल्याला आपण पैसे देतो आणि ज्याच्या शब्दांवर सगळा कार्यक्रम उभा आहे त्याला नारळ आणि शाल देतो. हे बदला. हार-तुऱ्यांचा खर्च वाचवलात तरी एका तरुण लेखकाला देण्याइतके पैसे निघतात. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती आधी ठरवा आणि प्रयोगाच्या दिवशी द्या. त्याच्या घरच्यांसमोर त्या पैशांना वेगळीच किंमत असते. लिहिणं हेही काम आहे, हे तिथे पहिल्यांदा पटतं.

सुरुवात लहान करा. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत केलेल्या 'सीता स्वयंवर'मुळे आपण तो साजरा करतो. बहुतेक ठिकाणी त्या दिवशी नटराजाच्या मूर्तीला हार घालतात, भाषण होतं, चहा होतो. या वर्षी त्यात एका नव्या एकांकिकेचं अभिवाचन घाला. पाठांतर नको, नेपथ्य नको, चाळीस मिनिटं पुरतात. लेखक जवळपास राहत असेल तर त्याला बोलवा आणि वाचन झाल्यावर लोकांना बोलू द्या. ज्येष्ठ मंडळींना काही कळलं नाही, तर त्यांना तसं मोकळेपणाने म्हणू द्या. लेखकाला परीक्षकांचे शेरे भरपूर मिळालेले असतात. पासष्टीच्या काकू कुठल्या वाक्याला हसल्या आणि कुठे गप्प झाल्या, हे त्याने कधीच पाहिलेलं नसतं.

प्रयोग करणार असाल तर निमंत्रणपत्रिकेवर, फलकावर आणि मंडळाच्या ग्रुपवर जाणाऱ्या प्रत्येक निरोपात लेखकाचं नाव एकांकिकेच्या नावाखाली लगेच छापा, प्रायोजकांच्या वर. पूर्ण प्रयोगाचं चित्रीकरण त्याला न विचारता कुठेही टाकू नका. आणि प्रयोग चांगला झाला तर शेजारच्या मंडळाच्या सेक्रेटरीला फोन करून लेखकाचा नंबर द्या, त्याला विचारूनच. दसऱ्यानंतर कोजागरी आहे, मग दिवाळी, मग शाळांची स्नेहसंमेलनं. चार मंडळांनी मनावर घेतलं तर सवाईच्या पहाटे थांबलेली एकांकिका पुढच्या जानेवारीपर्यंत चालू राहील.