पाहुण्याला आधी आपला तालुका दाखवा

राज्यानं २०२० ला कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्या ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) भागातही कोणी रानात दोन खोल्या बांधतंय, कोणी चुलीवरचं जेवण देतंय. चांगलंच आहे. पण पाहुण्यानं "इथं बघायला काय?" विचारलं की आपण बोट दाखवतो कोल्हापूर, नाहीतर महाबळेश्वरकडं. म्हणजे पाहुणा आपल्याकडं नुसता झोपायला, खर्च सगळा तिकडं.

माझं मत सरळ आहे. खोलीत एक कागद लावा. बहे: कृष्णेच्या पात्रातलं बेट, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. सागरेश्वर: माणसांनी झाडं लावून उभं केलेलं जंगल. शेजारी देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. येडेमच्छिंद्र, क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव. हंगामात गावातलं गुऱ्हाळ. काकवी तिथूनच घ्यायला सांगा.

त्याच कागदावर धोकाही लिहा. उसाच्या फडात शिरू नका, बिबट्या असतो. रानातलं न विचारता तोडून खाऊ नका, फवारणी झालेली असते. पावसाळ्यात नदीत उतरू नका. २०१९ चा महापूर आपण भोगलाय.

काहीजण म्हणतात, असं लिहिलं तर गिऱ्हाईक पळंल. मला नाही पटत. लेकरंबाळं घेऊन आलेल्याला खरं सांगणाराच भरवशाचा वाटतो. अन् गुऱ्हाळवाल्याला, शेजारच्या दूधवाल्याला चार पैसे मिळाले, तर तुमचा पाहुणा अख्ख्या गावाचा होतो. नाहीतर गावाला त्याच्या गाडीचा फक्त धुरळा.