सहीनिशी आरोप

राष्ट्राध्यक्षांना उद्देशून नागरिकाने लिहिलेल्या टीकालेखाचे मोल मिळालेल्या उत्तरावरून ठरवू नये. १३ जानेवारी १८९८ रोजी एमिल झोला यांनी फ्रान्सचे अध्यक्ष फेलिक्स फोर यांना वृत्तपत्रातून अनावृत पत्र लिहिले. निरपराध कॅप्टन ड्रेफस यांना देशद्रोही ठरविणाऱ्या अन्यायास जबाबदार सेनाधिकाऱ्यांची नावेच त्यात होती. आपल्यावर अब्रुनुकसानीचा खटला होऊ शकेल, हे झोलांनी पत्रातच नमूद केले. दडपलेले सत्य उघड्या न्यायालयात यावे, हाच त्यांचा हेतू होता. त्यांना एका वर्षाच्या कैदेची शिक्षा झाली, देश सोडावा लागला. ड्रेफस १९०६ साली निर्दोष ठरले, तेव्हा झोला हयात नव्हते. टीकाकाराने पुरावा आणि जबाबदारी सोडू नये. शासनानेही अशा पत्रास राजद्रोह समजू नये.