फुललेलं रोप नको, आधी वाफा करू द्या

जूनमध्ये शाळा उघडली की आपण नर्सरीतून फुललेली रोपं आणतो, फोटो काढतो आणि दिवाळीपर्यंत नुसत्या कुंड्या उरतात. याला बागकाम म्हणायचं का? माझ्या मते परसातल्या फुलबागेचा धडा मे महिन्यातच सुरू व्हायला हवा.

सुट्टीत मुलांना परसात ऊन कुठं, किती वेळ पडतं ते पाहू द्या. झेंडूला निदान पाच-सहा तास ऊन लागतं. मग वीतभर माती खणून उन्हात तापू द्यायची. तण आणि कीड कमी होते. पावसाआधी कुजलेलं शेणखत मिसळायचं. पाणी साचत असेल तर वाफा उंच करायचा.

पुढचं गणित मुलांनाच घाला. पेरणीपासून साधारण दोन-अडीच महिन्यांत झेंडू फुलतो. मग दसऱ्याच्या तोरणासाठी बी कधी पेरायचं? कॅलेंडर काढून उलटे दिवस मोजू द्या. बी गेल्या वर्षीच्या वाळलेल्या फुलांतलं चालतं, खर्च नाही.

पालक म्हणतील, सुट्टीत मातीत कशाला? अहो, वाट बघणं पुस्तकातून शिकवता येत नाही. एखादं रोप मेलं तरी हरकत नाही. ते का मेलं, हे मूल स्वतःहून विचारेल.