काउंटी कळली की कागद मिळतो

अमेरिकेतल्या घटस्फोटित मुलाचं स्थळ सांगून आलं की पुण्या-नाशिकच्या घरांत पहिला प्रश्न निघतो: घटस्फोट खरंच झालाय ना? मग तिकडच्या ओळखीपाळखीच्या लोकांना फोन सुरू होतात. वास्तविक याचं उत्तर सरकारी दप्तरात असतं आणि बहुतेक राज्यांत ते मिळवायला ओळख लागत नाही. माहीत असावी लागते ती काउंटी.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या तिथे आहेत आणि साऱ्यांचे खटले एकाच ठिकाणी दिसतील अशी सोय नाही. ‘पेसर’ ही ऑनलाइन व्यवस्था फक्त संघराज्याच्या न्यायालयांची. घटस्फोट, घरभाडं, मृत्युपत्र, मारामारी ही प्रकरणं राज्याच्या न्यायालयांत चालतात आणि त्यांचे कागद बहुधा काउंटीच्या क्लार्ककडे, म्हणजे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे राहतात. म्हणून माणूस घटस्फोटाच्या वेळी कुठे राहत होता हे आधी काढायचं, मग तिथल्या क्लार्कच्या संकेतस्थळावर नावावरून केस नंबर शोधायचा. नंबर हाती आला की निम्मं काम झालं.

फ्लोरिडाचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. १९९२ मध्ये तिथल्या मतदारांनी सरकारी कागद पाहण्याचा हक्क थेट राज्यघटनेत घातला आणि त्यात न्यायालयंही आली. क्लार्कचे दर कायद्यात लिहिलेले आहेत: नक्कल पानाला एक डॉलर, सही-शिक्क्याचे दोन. बारा पानी निकालपत्राची प्रमाणित प्रत चौदा डॉलरला पडते. नंबर माहीत नसेल आणि क्लार्कनेच शोधायचं असेल, तर शोधाव्या लागणाऱ्या प्रत्येक वर्षामागे आणखी दोन डॉलर.

सगळीकडे इतकं मोकळं नाही. कॅलिफोर्नियात फौजदारी आणि कौटुंबिक खटल्यांचे कागद घरबसल्या पाहता येत नाहीत, कोर्टात जावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाची फाइल पक्षकार आणि त्यांच्या वकिलांखेरीज इतरांना शंभर वर्षं बंद. तिथे मुलाकडेच निकालाची प्रमाणित प्रत मागावी. यात कुणाचा अपमान नाही. दत्तक आणि अल्पवयीनांची प्रकरणं तर जवळपास सर्वत्र झाकलेली असतात, आणि ते योग्यच आहे.

या सगळ्यात मोलाची गोष्ट एकच: खुला कागद मागणाऱ्याला ‘तुम्हाला कशाला हवा?’ असं विचारत नाहीत. माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितींवरून झालेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्या फिती प्रसारमाध्यमांना दिल्या नाहीत. पण न्यायालयाचे कागद पाहण्याचा आणि उतरवून घेण्याचा सर्वसाधारण हक्क लोकांना आहे, त्यासाठी त्या खटल्याशी संबंध असण्याची गरज नाही, हे त्याच निकालात मान्य केलं.

आपल्याकडे उलट आहे. गुजरात उच्च न्यायालयाच्या नियमांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये निर्णय दिला: तिऱ्हाइताला नक्कल हवी असेल तर कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, माहिती अधिकाराची वाट त्यासाठी नाही. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर खटल्याचा सीएनआर नंबर (अक्षरं आणि अंक मिळून सोळा) टाकला की तारखा आणि बरेच आदेश फुकट दिसतात, ही मोठी सोय आहे. पण दावा, पुरावे, जबाब पाहायचे तर तिऱ्हाइताला पुन्हा कारण सांगावं लागतं. खुल्या न्यायालयात सर्वांसमोर वाचलेला कागद नंतर कारणाशिवाय मिळू नये, हे पटणारं नाही. हे नियम उच्च न्यायालयंच करतात, तेव्हा बदलण्यासाठी संसदेकडे पाहत बसायची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयाने पहिलं पाऊल टाकावं.