अक्षता दुरूनही पोहोचतात

विवाहाचे निमंत्रण ही आपल्या समाजात केवळ सूचना नसते; त्यामागे आग्रह असतो. न गेल्यास यजमान दुखावेल, नात्यात अंतर पडेल, ही धास्ती निमंत्रिताच्या मनात असते. कोरोनाच्या साथीत नेमक्या या आग्रहाची कसोटी लागली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने विवाहासाठी एकच सभागृह, २ तासांचा अवधी आणि २५ माणसे अशी मर्यादा घातली. उल्लंघन करणाऱ्या कुटुंबास ५०,००० रुपयांचा दंड ठेवला. एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध उठले आणि मांडव पूर्वीसारखे गजबजले. हे स्वाभाविकच होते. परंतु निर्बंधांबरोबर त्या काळाने शिकविलेला विवेकही विस्मृतीत गेला, तर पुढील साथीत तीच किंमत पुन्हा मोजावी लागेल.

ती किंमत लहान नव्हती. जून २०२० मध्ये पाटणा जिल्ह्यातील पालीगंज येथे अंगात ताप असतानाच एका तरुणाचा विवाह उरकण्यात आला. दोनच दिवसांत वराचा मृत्यू झाला आणि त्यानंतरच्या तपासणीत परिसरातील शंभराहून अधिक लोक बाधित आढळले. लोकलज्जेपुढे सारासार विचाराने हार पत्करली की काय घडते, याचे हे विदारक उदाहरण आहे.

अतिथीला देव मानणाऱ्या संस्कृतीत अतिथीचाही धर्म असतो. साथीच्या काळात तो अधिक कठोरपणे पाळावा लागतो. येणार की नाही, आणि किती जण, हे यजमानास वेळेत कळवावे. ताप, खोकला वा घशात खवखव असेल, अथवा घरात कोणी आजारी असेल, तर घरीच थांबावे. लक्षणे दिसण्यापूर्वीही बाधित व्यक्ती रोग पसरवू शकते आणि विषाणू बंद जागेतील हवेत रेंगाळतो. म्हणून वातानुकूलित सभागृहापेक्षा मोकळे अंगण बरे. मंगलाष्टकांच्या वेळी, जेव्हा गर्दी दाटते आणि स्वर उंचावतात, तेव्हा मुखपट्टी नाकाखाली सरकू देऊ नये. चरणस्पर्शाऐवजी दुरूनच नमस्कार करावा. पंगतीतील आग्रह आवरता घ्यावा. परतल्यावर चौदा दिवसांत लक्षणे उद्भवल्यास यजमानास निःसंकोच कळवावे. त्यात लाज नाही, दडविण्यात मात्र अपराध आहे. घरातील वृद्धांनी दूरध्वनीवरून दिलेला आशीर्वाद कमी फळतो, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

मुळात विवाह हा संस्कार आहे. पाणिग्रहण, लाजाहोम आणि सप्तपदी यांत त्याचे सार आहे. साक्ष अग्नीची असते. पाहुण्यांच्या संख्येने त्याचे पावित्र्य वाढत नाही, की घटत नाही. साथीच्या काळात मोजक्या आप्तांत विवाह करून वाचलेली रक्कम सेवाकार्यास देणारी कुटुंबे समाजाने पाहिली आहेत. परंपरा त्यांनी मोडली नाही, तिचा गाभा जपला.

यजमानाने 'आलेच पाहिजे' हा हट्ट सोडावा आणि न आलेल्याबद्दल मनात अढी धरू नये. कार्यकर्त्यांनी हा प्रघात प्रथम आपल्या घरातील कार्यात पाडावा, कारण समाज उपदेशापेक्षा आचरणाकडे पाहतो. वधूवरांच्या कल्याणाची इच्छा बाळगून जो साथीच्या काळात घरी थांबतो, त्याच्याही अक्षता त्यांच्या मस्तकी पडतात.